जोडी कापायची नाही

ते स्टेशन जमिनीखाली तीन मजले खोल होतं. तीन वाटांच्या गाड्या तिथे येत आणि एकीतून उतरून दुसरीत चढण्याची जेवढी म्हणून धावपळ असते, ती सगळी त्या एका स्टेशनाच्या वाट्याला आली होती. सकाळी साडेआठ ते साडेदहा तिथे माणूस चालत नसे, वाहत असे. पाय आपले असले तरी जायचं कुठे हे पुढच्याची पाठ आणि मागच्याचं पोट मिळून ठरवायचं.

या गर्दीला आवर घालायला मधल्या मजल्यावर एक लोखंडी जाळी होती. एरवी ती भिंतीतल्या खाचेत दुमडून बसलेली असे. ओढली की फासळ्या पसरत समोरच्या भिंतीला जाऊन भिडे. जाळीपलीकडे जिना, जिन्याखाली गोल गाडीचा फलाट. ही गाडी शहराला वेढा घालून पुन्हा तिथेच येई. तिला शेवटचं स्टेशन नव्हतं, म्हणून सगळे तिला गोल गाडी म्हणत. फलाट भरत आला की खालचा माणूस घंटा द्यायचा, वरच्याने जाळी ओढायची. गाडी गर्दी उचलून गेली की पुन्हा घंटा, आणि जाळी मोकळी.

त्या जाळीवर बावीस वर्षं मावशी होती. तिच्या सख्ख्या भाच्यांपेक्षा तिला मावशी म्हणणारी परकी माणसंच जास्त. अंगाने बारीक, आवाजाने मोठी, आणि चष्मा नाकावर असला तरी बघायची नेहमी त्याच्या वरून.

कामावर आली त्या पहिल्या दिवशी जुन्या जमादाराने तिला जाळीजवळ उभं करून सांगितलं होतं, "चेहऱ्याकडे बघू नकोस. चेहरे सगळे घाईतच असतात. हाताकडे बघ. हातात हात असेल, बोट धरलेलं असेल, पदर धरलेला असेल, तर ती जोडी. जोडी एक तर दोन्ही आत, नाही तर दोन्ही बाहेर. मधून जाळी ओढायची नाही. एवढं सांभाळलंस की बाकी काम म्हैससुद्धा करेल."

"म्हशीला कुठे शोधता, मी आहे ना," मावशी म्हणाली होती, आणि जमादार पहिल्यांदा हसला होता.

जोडी कापायची नाही. कुठल्या नियमाच्या पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं, पण जाळीवर काम केलेल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. घंटा झाली की मावशीचा डावा हात वर जायचा, उजव्या हाताने ती जाळीची मूठ धरायची आणि दोन-तीन क्षण नुसती हात बघायची. कुठे आईच्या करंगळीला लोंबकळलेलं पोर, कुठे म्हाताऱ्याच्या दंडाला धरून चाललेली सून. त्यांना आत घ्यायचं किंवा अलीकडे थोपवायचं, आणि मगच जाळी ओढायची. बावीस वर्षांत तिने एकही जोडी कापली नव्हती. नव्या लोकांना मास्तर, म्हणजे स्टेशनचे मुख्य, तिच्याकडेच शिकायला पाठवायचे.

मग महिन्यापूर्वी खालच्या फलाटावर गर्दी पिवळ्या पट्टीच्या पुढे गेली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण वरच्या कचेरीचं धाबं दणाणलं. हुकूम निघाला की घंटेपासून सात सेकंदांत जाळी बंद झाली पाहिजे. आणि ते मोजायला एक तपासनीस आले. गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ, हातात पाटी. स्टेशनातल्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव घड्याळसाहेब ठेवलं.

सोमवारी मावशीचे दहा सेकंद भरले. दुसऱ्यांदा दहा. तिसऱ्यांदा अकरा.

"मावशी, हात जड झाला का आता?" घड्याळसाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, आवाजही गोड होता. "वर चौकशीच्या खिडकीत बसवू का तुम्हाला? खुर्ची आहे, पंखा आहे. इथे एखादा तरणा हात टाकू."

शेजारी शिकायला आलेले दोघे तरणे हात उभे होते. ते हसले. फार नाही, पण हसले.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "मग बस की पंख्याखाली. मी तीस वर्षं बस चालवली, कोणी मला पंखा विचारला नाही."

"तुम्ही बसून चालवलीत. मी उभं राहून काढली बावीस वर्षं. ती काय पंख्यासाठी?"

"बरं, नको बसू."

यावर पुढे भांडायला जागाच ठेवली नव्हती त्याने. पण तरण्यांचं ते हसू तिच्या पोटात रुतून बसलं, आणि मंगळवारी ती कामावर आली ती मनाशी खूणगाठ बांधूनच. आज सात म्हणजे सात.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी घंटा झाली. घड्याळसाहेब भिंतीला पाठ लावून उभे होते, अंगठा घड्याळाच्या खटक्यावर. मावशीचा डावा हात वर गेला. आणि समोरच्या गर्दीत तिला ती दोघं दिसली.

ही जोडी तिच्या ओळखीची होती, म्हणजे तोंडओळखीची. सत्तरीकडे झुकलेली एक बाई आणि तिचा पन्नाशीचा भाऊ. भावाची समज लहानपणीच कुठेतरी थांबलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी ती त्याला पायांच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायची, गोल गाडीने सहा स्टेशनं. हात धरलेला त्याला आवडत नसे, म्हणून ती त्याला पुढे घालायची आणि मागून त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरायची. मावशीला ते ठाऊक होतं. ती दोघं आली की ती नेहमी दोन क्षण थांबायची.

आज भाऊ जाळीच्या रेघेपलीकडे गेलेला होता. बहीण अलीकडे. मध्ये निळ्या सदऱ्याचं टोक ताणलेलं, दोरीसारखं सरळ. मावशीने ते स्वच्छ पाहिलं. थोपवायचं तर भावाला मागे ओढायला हवं होतं. आत घ्यायचं तर बहिणीला खेटून उभ्या असलेल्या दोघांना बाजूला सारायला हवं होतं. चार सेकंद गेले असते.

तिने मूठ ओढली.

जाळी खडखडत गेली आणि भिंतीला भिडली. सदऱ्याचं टोक बहिणीच्या हातातून निसटलं, किंवा जाळीनेच ते ओढून काढलं. भाऊ एकदा मागे वळू पाहत होता, पण पाठीमागचं पोट आणि पुढची पाठ त्याला जिन्याने खाली घेऊन गेली.

"सहा," घड्याळसाहेब म्हणाले. "वा मावशी. सहा."

"अहो बाई, माझा भाऊ पलीकडे गेला," बहीण जाळीला बोटं अडकवून म्हणत होती.

"दोन मिनिटं. खालीच असेल. उघडली की जा," मावशी म्हणाली. आणि तेव्हा तिला खरंच तसं वाटत होतं. दोन मिनिटांत असं काय होणार?

दोन मिनिटांनी घंटा झाली. बहीण खाली गेली आणि पाच मिनिटांत धापा टाकत परत वर आली. फलाट रिकामा होता. गाडी गर्दी घेऊन गेली होती.

"माझा भाऊ," ती घड्याळसाहेबांना म्हणाली, कारण गळ्यात घड्याळाचा पट्टा असलेला तोच एक साहेबासारखा माणूस समोर होता. "त्याला काही कळत नाही हो. मी त्याच्या सदऱ्याला धरलं होतं. यांनी जाळी ओढली आणि..."

घड्याळसाहेबांचा चेहरा बदलला. पाटीवर नुकताच लिहिलेला सहाचा आकडा त्यांनी पाहिला आणि मग मावशीकडे. "मावशी, जोडी होती का?"

दोन तरणे हात तिच्याकडे बघत होते. वरचा कॅमेरा रंगकाम चाललेलं म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. त्या घटकेला मावशीच्या तोंडून जे निघालं ते तिने ठरवून काढलं नव्हतं. कुणीतरी दुसरीच बाई बोलावी तसं ते आलं.

"नाही साहेब. या एकट्याच होत्या. यांच्यासोबत कोणी नव्हतं."

बहीण तिच्याकडे बघतच राहिली. राग नव्हता त्या बघण्यात. चालता चालता पायरी चुकावी तसं काहीतरी होतं.

पुढे जे झालं ते सगळं त्या एका वाक्याच्या पाठीवर बसून झालं. मास्तर आले. उंच, वाकलेले, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारे. त्यांनी बहिणीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "आजी, मावशी म्हणते तो जाळीतून गेला नाही, म्हणजे गेला नाही. तिची नजर चुकत नाही. तुमची चुकामूक वरच झाली असणार, तिकिटाच्या दारापाशी. काळजी करू नका, वर शोधतो."

"पण मी धरलं होतं त्याला."

"असं वाटतं माणसाला. गर्दीत होतं तसं."

मग वरचं तिकिटांचं दालन पालथं घातलं. सहाही दरवाज्यांवर माणसं उभी केली. बाहेर रस्त्यावर, बसथांब्यावर, बागेत, स्वच्छतागृहांत शोध झाला. भोंग्यावरून हाक मारली, 'बाबू, जिथे असाल तिथून चौकशीच्या खिडकीशी या.' बहीण म्हणाली, तो असा यायचा नाही. परक्याच्या हाकेला तो हलत नाही. त्याच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी आहे, पण कोणी मागितल्याशिवाय तो ती काढणार नाही. मी बस म्हटलं की बसतो, चल म्हटलं की चालतो.

गोल गाडीकडे कोणी पाहिलं नाही. कशाला बघतील? तो तिकडे गेलाच नव्हता.

मावशी जाळीवरच होती. गर्दी ओसरली, जाळी खाचेत गेली, तरी ती मूठ धरून उभी. तिला वाटत होतं आता सापडेल. पुढच्या स्टेशनावर उतरला असेल, कोणीतरी हात धरून परत आणेल, आणि मग काही सांगायची वेळच येणार नाही. अकरा वाजले. साडेअकरा. वरून येणाऱ्या प्रत्येक पायाच्या आवाजाला ती वळून बघत होती.

बाराला तिची जेवणाची वेळ. कामगारांच्या खोलीत घंटामामा आधीच डबा उघडून बसला होता. खालच्या फलाटावर घंटा देणारा तो. अठरा वर्षांत दोघांचं बोलणं मुख्यतः घंटेतूनच झालं होतं, आणि उरलेलं या खोलीत.

"ये, सहा सेकंदवाली," तो म्हणाला. "तुझं नाव गाजतंय. घड्याळसाहेब म्हणे वरच्या कचेरीला कळवणार. आता फलाटावर तुझा पुतळा बसवतील. माझ्या घंटेखाली बसवा म्हणावं, मला टोपी अडकवायला होईल."

मावशीने डबा उघडला आणि पुन्हा झाकला.

"का गं? त्या म्हातारीचं मनाला लावून घेतलंस का?" घंटामामा घास चावत म्हणाला. "बिचारी. डोकं चालेनासं झालं की असंच होतं. माझी चुलती चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर चष्मा शोधायची. तुझा काय दोष त्यात? उलट तू होतीस म्हणून नक्की तरी कळलं की तो खाली आला नाही. दुसरा कोणी असता तर मास्तर तिन्ही फलाट धुंडाळत बसले असते."

मावशीने मान वर केली. "तू खाली होतास," ती म्हणाली. "नऊ चाळीसच्या गाडीला. निळ्या सदऱ्यातला कोणी..."

"अगं, त्या गाडीला हजार माणसं. त्यात निळे सदरे शंभर. मी माणसं बघत नाही, पट्टी बघतो. माणसं बघणं तुझं काम."

तिने डबा पिशवीत घातला. घंटामामाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण काही विचारलं नाही. तो पुन्हा जेवायला लागला, आणि तिला वाटलं, याने विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. मग तिला स्वतःचीच चीड आली. आता सांगायलासुद्धा कोणीतरी हाताला धरून न्यायला हवं होतं तिला.

दीड वाजता बहीण जाळीपाशी आली, एकटीच. डोळे रडून लाल वगैरे काही नव्हते. कोरडे होते, आणि तेच बघवत नव्हतं. चार तासांत बाई चार वर्षांनी थकल्यासारखी दिसत होती.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असाल. खरं सांगा. मी आले तेव्हा माझा हात कसा होता? असा होता का?" तिने मूठ पुढे धरून दाखवली, काहीतरी धरल्यासारखी.

मावशी म्हणाली, "गर्दी होती हो. काय सांगू."

"असा नव्हता ना?"

मावशी जाळीची मूठ पुसायला लागली.

"नसेल," बहीण स्वतःशीच म्हणाली. "सगळे म्हणतायत म्हणजे नसेल. मागच्या महिन्यात मी गॅस चालू ठेवून बाजारात गेले होते. शेजारणीने बंद केला. तेव्हापासून माझा माझ्यावर भरवसा नाही." ती जरा थांबली. "मी विचार करतेय, मी त्याला घरून आणलं तरी होतं का? सकाळी त्याला सदरा घातला, बटणं लावली, दाराशी उभं केलं, एवढं आठवतं. पण मग कुलूप लावताना तो बाहेर होता का आत, ते आठवत नाही. आत राहिला असेल तर दाराशीच उभा असेल. मी बस म्हटल्याशिवाय बसत नाही तो. घरी जाऊन बघते."

आणि ती वळली. वरच्या जिन्याकडे निघाली, कठड्याला धरून, एकेक पायरी.

मावशी बघत राहिली. पहिली पायरी, दुसरी, पाचवी. तिने एका माणसाला गाडीत घालवलं होतं हे तिला सकाळपासून टोचत होतं. पण आता समोरून दुसरं माणूस चाललं होतं, आणि त्याच्या डोक्यातली सगळी सकाळ तिने पुसून टाकली होती. कालपर्यंत जिला स्वतःची मूठ ओळखू येत होती, ती बाई आता रिकाम्या घराचं कुलूप काढून आत भाऊ शोधणार होती.

कामाच्या वेळात जाळी सोडून जायचं नाही, हा दुसरा नियम. मावशीने मूठ सोडली आणि ती जिन्याकडे धावली.

"ताई, थांबा," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक निघाला की तिला तो आपला वाटेना. "घरी जाऊ नका. तो घरी नाही. तुमचा हात तसाच होता."

बहीण थांबली. मागे वळली नाही.

"तुम्ही धरला होता सदरा. मी पाहिला. ताणलेला होता. मी पाहूनसुद्धा जाळी ओढली. तो खाली गेला, गोल गाडीच्या फलाटावर. त्या जिन्यावरून दुसरीकडे जायला वाटच नाही. सकाळी मी खोटं बोलले."

मग बहीण वळली आणि उतरायला लागली. मावशीने आधाराला हात पुढे केला. तिने तो घेतला नाही.

मास्तरांच्या खोलीत घड्याळसाहेबही होते. मावशीने उभ्यानेच सगळं सांगितलं, काही न गाळता. फक्त सात सेकंदांचं, तरण्या हातांच्या हसण्याचं तिने काही सांगितलं नाही. ते सांगायला लागले तर सबब होईल, हे तिला कळत होतं. सांगून झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "पाहिलं होतंस? नक्की पाहिलं होतंस?" त्यांना दोनदा विचारायची सवय होती, आणि दोनदा हो म्हणावं लागणं ही शिक्षा पुरेशी होती.

"पाहिलं होतं."

मास्तरांनी फोन उचलला आणि गोल गाडीच्या एकेका स्टेशनाला लावायला घेतला. निळा सदरा, पन्नाशी, बोलत नाही. घड्याळसाहेबांनी गळ्यातलं घड्याळ काढून खिशात घातलं.

"उतरला नसेल तो," बहीण म्हणाली. चार तासांत पहिल्यांदाच तिचा आवाज खणखणीत होता. "मी उतर म्हटल्याशिवाय तो उतरणार नाही. गाडीतच असेल. ती गाडी परत इथे येते ना?"

"बावन्न मिनिटांत एक फेरी," मास्तर म्हणाले. "चार-चार मिनिटांनी एक, तेरा गाड्या आहेत मार्गावर."

"मग मी फलाटावर उभी राहते."

खाली घंटामामाला कळलं तेव्हा तो मावशीकडे बघून काही बोलला नाही. आणि तो बोलला नाही म्हणजे काय, हे अठरा वर्षं त्याच्या शेजारी जेवलेल्या माणसालाच कळावं. तो फलाटाच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मास्तरांनी आणखी दोघांना मध्ये ठेवलं. बहीण मधोमध. मावशी शेवटच्या टोकाला.

पहिली गाडी आली. दुपारची, निम्मी रिकामी. खिडक्या सरकत गेल्या, थांबल्या, दारं उघडली. निळं काही नव्हतं. दुसरी. तिसऱ्या गाडीत एक निळा सदरा होता, पण तो कोणा विद्यार्थ्याचा. प्रत्येक गाडी बोगद्यातून वाऱ्याचा एक गरम लोट पुढे ढकलत यायची, आणि मावशी मनात मोजायची. पाच. सहा. चार तास. चार तासांत त्याची गाडी या फलाटावरून चार-पाच वेळा तरी गेली असणार. ती वर मूठ धरून उभी होती, आणि तो तिच्या पायाखालून जात होता. ती डबा उघडून झाकत होती तेव्हाही कदाचित. घंटामामा पुतळ्याचं बोलत होता तेव्हाही.

आठवी गाडी गेल्यावर तिला वाटलं, नसेलच. कोणीतरी उतरवला असेल, कुठल्यातरी स्टेशनाबाहेर रस्त्यावर उभा असेल, कोणी चल म्हणायची वाट बघत.

नववी गाडी थांबली आणि बहीण पळाली. सत्तरीची बाई पळाली.

तो दाराजवळच होता. डबा जवळजवळ रिकामा होता, दोन्ही बाजूंची बाकं मोकळी, आणि तो मधल्या खांबाला दोन्ही हातांनी धरून उभा होता. कोणी बस म्हटलं नव्हतं. सकाळी पावणेदहापासून तो उभाच होता. गुडघे थरथरत होते, विजार आतून ओली झालेली, आणि सदऱ्याचं मागचं टोक तेवढं बाहेर निघालेलं होतं.

"बाबू, चल, उतर," बहीण म्हणाली.

खांबावरून त्याला हात सोडवेनात. बोटं आखडली होती. तिने ती एकेक करून सोडवली, गाडीच्या दारात घंटामामा पाय रोवून उभा राहिला, आणि दोघांनी मिळून त्याला खाली घेतलं.

"ताई," तो म्हणाला, "तू मागे नव्हतीस."

"हो रे."

"मी वळलो होतो. तू नव्हतीस."

"हो. बस आता. बस इथे."

बस म्हटलं तरी त्याला बसता येईना. गुडघे वाकत नव्हते. घंटामामाने त्याला पाठीमागून धरून बाकावर टेकवला आणि कोणी न सांगता स्वतःची घोंगडीवजा शाल आणून त्याच्या मांडीवर टाकली. पाणी आलं. तो घटाघटा प्याला. मावशी पुढे झाली, खाली बसली आणि त्याच्या पोटऱ्यांना हात लावणार, तोच बहीण म्हणाली, "नको."

मोठ्याने नाही म्हणाली. मावशीने हात मागे घेतला. पण लगेच उठताही आलं नाही तिला. तशीच ती उकिडवी बसून राहिली, दोघांच्या पायांपाशी. तिला माफ करा म्हणायचं होतं. सकाळपासून तेच ओठांवर होतं, असं आता तिला वाटत होतं. पण समोर ते थरथरणारे गुडघे बघून तो शब्द तिला फार स्वस्त वाटला.

अर्ध्या तासाने भावाचे पाय मोकळे झाले. मास्तरांनी गाडी करून घरी सोडतो म्हटलं. बहीण हो म्हणाली. तिने भावाला उभं केलं, पुढे घातलं, सदऱ्याचं टोक नीट आत खोचलं आणि मग पुन्हा बाहेर काढून मुठीत धरलं. मावशी जिन्याच्या कडेला उभी होती.

बहीण तिच्यापाशी थांबली. "शुक्रवारी असाल का तुम्ही जाळीवर?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली. "ठेवतील असं वाटत नाही."

"असलात तर आधी कळलेलं बरं. आम्ही मग पलीकडच्या भुयारी बोळातून फलाटावर जाऊ."

"तिकडून सत्तर पायऱ्या जास्त पडतात," मावशी म्हणाली. "त्याचे पाय..."

"माहीत आहे," बहीण म्हणाली. "पडू देत."

तिने सदऱ्याला हलकेच एक ओढ दिली, चल म्हटलं, आणि दोघं जिना चढू लागली.